पंपघरामागचा ठोंब

बियाणं पिकवणाऱ्या एका शेतावर त्यानं सदतीस वर्षं एकच काम केलं. ज्वारीतली भेसळ काढणं.

ओळीतून सावकाश चालत जायचं आणि जे ताट आपल्या जातीचं नाही ते उपटायचं. सांगायला एवढंच. पण परकं ताट गळ्यात पाटी अडकवून उभं राहत नाही. ते चार बोटं उंच असतं, नाहीतर त्याच्या पानाची मधली शीर पांढरी असायच्या ऐवजी पिवळट असते, नाहीतर ते शेजाऱ्यांच्या दोन दिवस आधी पोटरीत येतं, म्हणजे कणीस पानाच्या कुशीत फुगायला लागतं. हजारात असं एखादं. ते फुलायच्या आत निघालं पाहिजे. एकदा फुललं की त्याचा पराग वाऱ्यावर गेला, आणि मग ते उपटणं म्हणजे चोर गेल्यावर कडी लावणं.

शेतावर त्याला भिंग म्हणत. नव्या माणसांना ते आडनाव वाटायचं. पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं की दोन-तीन जण इकडे तिकडे बघायचे, हा कोण नवीन आला म्हणून.

त्याची चालायची रीत ठरलेली होती. सूर्य पाठीशी घ्यायचा. एका वेळी दोनच ओळी, हात मागे बांधलेले. शंभर पावलं झाली की थांबायचं, डोळे मिटायचे आणि वीसपर्यंत मोजायचं. डोळा सवयीचा गुलाम असतो, असं तो सांगायचा. फार वेळ सारखंच बघितलं की त्याला वेगळंही सारखं दिसायला लागतं. त्याला मध्ये मध्ये अंधार दाखवावा लागतो.

आणि एक नियम. ताट मुळासकट उपटायचं. माती झाडायची, ताट तीनदा मोडायचं आणि शेताबाहेरच्या खड्ड्यात नेऊन टाकायचं. ओळीत टाकून पुढे गेलं तर पोटरीतलं कणीस पडल्या पडल्यासुद्धा फुलतं. विळा लावायचा नाही. ज्वारीचं धसकट जमिनीत राहिलं की त्याला फुटवे येतात. एकाची चार ताटं होतात. कुणी कंटाळून विळा काढला की भिंग एवढंच म्हणायचा, "कापणं म्हणजे काढणं नव्हे." मग त्या माणसाला तिथेच बसवून ते धसकट बोटांनी उकरायला लावायचा. नखं फुटेपर्यंत.

त्याच्या शेजारच्या ओळींत सव्वीस वर्षं थोरली चालत आली. दोघी बहिणी एकाच दिवशी कामाला लागल्या होत्या, धाकटी वर्षभरात सोडून शिवणकामाला लागली, आणि ही थोरलीच राहिली. ती रोजंदारीवर होती. काम त्याच्याकडूनच शिकली, पण तोंड तिचं स्वतःचं होतं.

"दादा, घरी तांदळातला खडासुद्धा तुम्हीच काढत असाल. वहिनींची मजा आहे."

"खडा तीच ठेवते. मी काढतो. काम वाटून घेतलंय."

"आणि राहिला तर?"

"राहिला तर दात माझा."

असं बोलणं चालायचं आणि दोघांचे डोळे ताटांवरून हलायचे नाहीत.

ती वहिनी, म्हणजे भिंगची बायको, त्याच शेतावर पाखरं राखायची. कणसात दाणा भरला की महिनाभर मचाणावर उभं राहून पत्र्याचा डबा बडवायचा आणि ओरडायचं. तिला दमा होता. डॉक्टरांनी सांगितलं, ओरडणं बंद करा. तिनं घरी येऊन सांगितलं, डॉक्टरांना पाखरं माहीत नाहीत. काम सोडायला ती तयार नव्हती आणि सोडून चालणारंही नव्हतं.

शेताच्या पूर्वेच्या कडेला पंपघर होतं. त्याच्या मागे पाइपाचा एक सांधा गळायचा, आणि त्या ओलीवर रानज्वारीचा एक ठोंब आपोआप उगवला होता. रानज्वारी ही पिकातल्या ज्वारीची रानातली बहीण. ताटं बारीक, दाण्यावरची बोंडं काळी, दाणा एवढासा, आणि पिकला की हात लागताच गळून जमिनीवर. दोघींचं रक्त एक, त्यामुळे एकीचा पराग दुसरीला चालतो. म्हणून बियाण्याच्या शेताभोवती चारशे पावलांत रानज्वारीचं एकही ताट राहता कामा नये, असा नियम होता, आणि पूर्वेची बाजू तपासून कागदावर सही करायचं काम भिंगचं होतं.

तो ठोंब उपटायलाच तो गेला होता. कुदळ खांद्यावर होती. बघतो तर ठोंबाखाली पन्नासेक चिमण्या. गळलेले दाणे टिपत होत्या. आणि तीस पावलांवरच्या पिकात एकही नव्हती. जमिनीवर पडलेलं, सुटं, फुकटचं धान्य असताना कणसाला लोंबकळून दाणा ओढायची मेहनत चिमणी कशाला करेल? भिंगनं पूर्वेच्या मचाणाकडे पाहिलं. बायको डबा मांडीवर ठेवून गप्प बसली होती.

त्यानं कुदळ परत नेली.

मनाशी हिशेब केला. रानज्वारी पिकाच्या तीन आठवडे आधी फुलते. हिचा पराग संपतो तेव्हा पीक अजून पोटरीतही नसतं. उशिरा येणारे फुटवे आपण मोडत जाऊ. मग बिघडलं कुठे? त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ती घरी यायची आणि म्हणायची, "यंदा पाखरं कमीच आहेत, नाही?" तो म्हणायचा, "असतील."

सहा हंगाम असे गेले. सातव्याच्या आधी ती वारली. पाखरं राखायला दुसरी बाई आली, धडधाकट, खणखणीत आवाजाची. आता त्या ठोंबाची कुणाला गरज नव्हती. तरी दरवर्षी कुदळ घेऊन निघायचं म्हटलं की भिंगला दुसरं काहीतरी काम आठवायचं. अशी आणखी सहा वर्षं गेली. एवढ्या काळात ठोंबाचा दाणा जरा जाड झाला होता, आणि पूर्वीसारखा भराभर गळतही नव्हता. ते त्याला दिसलं होतं. गळक्या पाइपाचं पाणी मानवलं असेल, असं त्यानं धरलं.

मग एका वर्षी सकाळी निरोप आला की वरचे अधिकारी दहा वाजता येतायत आणि पंपघर बघणार आहेत. साडेआठ झाले होते. ठोंब पोटरीत होता. बारा वर्षांची मुळं. कुदळीनं खणायला तास-दीड तास हवा, आणि उकरलेल्या ओल्या मातीनं आपली कथा स्वतःच सांगितली असती. भिंगनं विळा घेतला. वीतभर वरून सगळा ठोंब सपासप कापला, पोत्यात भरला, खड्ड्यात टाकला, आणि धसकटांवर एक फुटका पाइप आडवा ठेवला. सदतीस वर्षांत त्यानं विळा लावला तो हा एकदाच. उद्या खणून काढू, असं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भेसळ काढायचं काम सुरू झालं. त्या हंगामात त्याच्या ओळी पश्चिमेला, पूर्वेच्या थोरलीकडे. रोज संध्याकाळी पाय भरून यायचे आणि पंपघर शेताच्या पार दुसऱ्या टोकाला.

पाच आठवड्यांनी तो तिकडे गेला. पाइपाच्या दोन्ही बाजूंनी फुटवे वर आले होते, बारा-पंधरा. कापल्यामुळे त्यांना उशीर झाला होता, बरोबर तीन आठवडे. कणसं फुलून गेली होती आणि त्यांना परागाच्या रिकाम्या पिशव्या लोंबत होत्या. समोर पिकातल्या मादी ओळी फुलोऱ्यात होत्या. मादी ओळीतल्या ज्वारीला स्वतःचा पराग नसतो. शेजारच्या नर ओळीतला पराग वाऱ्यावर येईल म्हणून ती उघडी उभी असते. जो येईल त्याला ती नाही म्हणत नाही.

भिंगनं त्या दुपारी कुदळ आणली आणि दीड तास खणून ठोंब काढला. मग हात धुतले. वारा या दिवसांत पश्चिमेचा असतो, पराग शेताबाहेर जातो, असं स्वतःला सांगितलं. वारा कधी पश्चिमेचा होता, कधी नव्हता. ते त्यालाही माहीत होतं.

पुढच्या हंगामात नेहमीप्रमाणे त्या बियाण्याचे नमुने चाचणीच्या वाफ्यात पेरले. हजारात पाच ताटं परकी निघाली तर चालतात. पूर्वेच्या ओळींच्या पोत्यांतून हजारात अठ्ठेचाळीस निघाली. मोजायला भिंगलाच बसवलं होतं. पहिलं ताट हातात आलं तेव्हाच त्यानं ओळखलं. उंच, बारीक, मोकळं कणीस, काळी बोंडं. खाण तशी माती. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस तोंडं पंपघरामागची होती. त्यानं सगळी मोजली आणि फक्त आकडा सांगितला.

शेतावरच्या मॅडम तरुण होत्या, कडक होत्या, आणि अन्याय करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी वही उघडली. कोणती ओळ कुणी तपासली ते वहीत लिहिलेलं असतं. पूर्वेच्या ओळी थोरलीच्या. सगळं बियाणं बाद झालं होतं, वर उत्तर द्यायचं होतं. त्यांनी थोरलीला बोलावून सांगितलं, सोमवारपासून येऊ नका, पुढचं कळवू. रोजंदारीच्या माणसाला कागद लागत नाही. थोरलीनं खुरपं कोठीत जमा केलं आणि डबा घेऊन गेली. जाताना भिंगला म्हणाली, "अठ्ठेचाळीस, दादा. एक-दोन समजू शकते."

भिंगला निवृत्तीला चार महिने होते.

घरी दोन खोल्या. पुढच्या खोलीत त्याची खाट, आतल्या खोलीत मुलगा आणि सून. त्यानं मुलाला सगळं सांगितलं. मुलगा बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसला.

"ठोंब आता नाही ना?"

"नाही."

"कुणी बघितला होता?"

"आईनं बघितला असेल. मचाणावरून दिसायचा."

"मग झाकली मूठ राहू द्या, बाबा. सदतीस वर्षांचं नाव आहे. चार महिन्यांसाठी मातीत घालू नका."

सून दारात भांडं पुसत उभी होती. ती म्हणाली, "आणि त्या बाईंचं सव्वीस वर्षांचं?" मुलगा म्हणाला, "तू मध्ये बोलू नकोस." ती आत गेली. भांडं मात्र जरा जोरात ठेवलं.

अठरा दिवस भिंग कामावर गेला आणि आला. ओळीत चालताना शंभर पावलांवर डोळे मिटायचा आणि वीसचा आकडा चुकायचा. एकोणिसाव्या दिवशी, सुट्टी होती म्हणून, तो थोरलीच्या घरी गेला.

ती धाकट्या बहिणीकडे राहायची. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला कापडाचे गठ्ठे, आणि त्यांच्यामधून एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट. थोरली बहिणीला काज करून देत होती. तिच्या नाकावर नवा चष्मा होता.

"बघा, आता मीच भिंग," ती म्हणाली.

त्यानं हसायला हवं होतं.

"डॉक्टर म्हणाले, लांबचं ठीक आहे, जवळचं गेलंय. ताटं तर जवळच असतात. मी विचार करते, दादा, किती वर्षं अशी चालत होते? तुम्ही शेजारून सांगायचे, थांब, डोळे मीट. मी मिटायची. पण कधी कधी वीसच्या ऐवजी दहाच मोजायची. तेच नडलं असेल."

"दहा पुरतात," भिंग म्हणाला.

"तुम्ही कधी दहा मोजलेत?"

तिनं सुई कापडात खोवून ठेवली.

"एक काम कराल? वाफ्यातलं एक ताट आणून दाखवा. कसलं होतं ते बघते तरी. अठ्ठेचाळीस वेळा माझ्या समोर उभं राहिलं आणि मला दिसलं नाही, असं ते दिसतं तरी कसं?"

"आणतो," तो म्हणाला आणि उठला. बहिणीनं चहा विचारला, तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं वाफ्यातलं एक ताट उपटलं, मुळासकट, माती झाडली, आणि थोरलीकडे न नेता मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

"मॅडम, हे थोरलीच्या ओळीत कधी नव्हतंच. तिला दिसायला तिथे काही नव्हतं. तिची ओळ स्वच्छ होती. पराग बाहेरून आला."

"कुठून? चारशे पावलांत रानज्वारी नाही. कागदावर तुमची सही आहे."

"सही माझी आहे. ठोंबही माझा होता."

मग त्यानं सगळं सांगितलं. चिमण्या, मचाण, विळा, फुटका पाइप. रचून नाही, जसं घडलं तसं. शेवटी मॅडमनी विचारलं, "बारा वर्षांत त्या ठोंबात काही बदल दिसला?"

"दाणा जाड झाला होता. गळायचाही कमी."

"तो पिकाचा अंश होता. पराग इकडून तिकडे जातो तसा तिकडून इकडेही येतो. तुमचे तीन आठवडे कधीच पक्के नव्हते. दरवर्षी थोडंथोडं चालूच असणार. विळ्यानं फक्त दार सताड उघडलं."

भिंग त्या ताटाकडे बघत राहिला. बारा वर्षं ठोंबातला बदल त्याच्या डोळ्यांसमोर होता आणि त्यानं पाण्याला श्रेय दिलं होतं.

"पूर्वेला दुसरा माणूस पाठवावा, असं मला वरून दोनदा सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या. "मी म्हटलं, तिथे भिंग आहेत, गरज नाही." आणि त्यांनी कागद पुढे सरकवला. "लिहून द्या."

त्याला लिहायला वेळ लागायचा. अर्ध्या पानाला पाऊण तास गेला.

ऑफिसकडून निरोप जायच्या आधी तो थोरलीकडे पोचला. उभ्यानंच सांगितलं. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला नाही.

"एकोणीस दिवस मी माझ्या डोळ्यांना शिव्या दिल्या," ती म्हणाली. "काल तुम्ही इथे बसला होता. मी वीस आणि दहाचं सांगत होते, आणि तुम्ही ऐकत होता."

"हो."

"वहिनींसाठी ठेवला ते समजलं. माझ्यासाठी तोंड का नाही उघडलं?"

याला उत्तर होतं, पण ते तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. त्याला आपलं नाव तिच्या भाकरीपेक्षा मोठं वाटलं होतं. ती म्हणाली, "जा तुम्ही."

सोमवारी थोरली कामावर परत आली. पूर्व आणि पश्चिम, दोन्हीकडच्या ओळी तिच्याकडे आल्या. भिंगला भेसळीच्या कामावरून काढून फाटकावर बसवलं. निवृत्तीपर्यंत तो रोज सकाळी फाटक उघडायचा आणि ती समोरून आत जायची. बोलली नाही. भिंग हे नावही हळूहळू बंद पडलं. लोक फाटकवाले काका म्हणायला लागले.

शेवटच्या दिवशी त्यानं मॅडमकडे एकच गोष्ट मागितली. पंपघरामागची जागा. रानज्वारीचं बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं आणि थोडंथोडं उगवतं. ते संपेपर्यंत आपल्याला आत येऊ द्यावं. मॅडमनी पहारेकऱ्याच्या वहीत तसं लिहून घेतलं.

पहिल्या वर्षी दोनशे अकरा रोपं निघाली. दुसऱ्या वर्षी ऐंशी. तो खुरपं घेऊन उकिडवा बसायचा, प्रत्येक रोप बोटाएवढं असतानाच ओढायचा, मूळ पूर्ण आलं का ते उन्हात धरून बघायचा. अर्धवट तुटलं तर उरलेलं खणायचा. गुडघे दुखायचे. दुपारी तो सावलीत बसत नसे, कारण तिथे सावली नव्हती.

तिसऱ्या वर्षी सतरा निघाली होती आणि तो उठत होता, तेव्हा मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. थोरली होती. चष्मा लावलेला, हात मागे बांधलेले.

"त्या सांध्याखाली एक आहे," ती म्हणाली.

त्यानं वाकून बघितलं. त्याला दिसलं नाही.

"डावीकडे. वरून तुटलंय."

आता दिसलं. पाइपाच्या आणि विटेच्या फटीत, वीतभर, शेंडा मोडलेलं, आणि बुडातून दोन फुटवे निघालेले.

"मी कापलं नाही," तो म्हणाला.

"मी कुठे म्हटलं? वीट पडली असेल."

वीट हलत नव्हती. त्यानं खुरप्यानं तिच्याभोवतीची माती मोकळी करायला घेतली. जमीन कडक होती. थोरलीनं मदतीला हात पुढे केला नाही, पण गेलीही नाही. मूळ निघेपर्यंत अर्धा तास लागला. त्यानं ते झाडून उन्हात धरलं. तिनं चष्मा नाकावर सारखा केला आणि टोकापासून टोकापर्यंत बघितलं.

"पूर्ण आलंय," ती म्हणाली, आणि आपल्या ओळीकडे गेली.